दुपदरी राहुटी

१

राहुटी मी निवडली. कोणी माझ्या गळ्यात मारली नाही, हे आधीच सांगते.

कर्जतला वखारीत भिवाजी म्हणून वखारवाला होता. विजेच्या तारांची वाट मोजायला जी माणसं डोंगरावर जायची, त्यांना राहुट्या, मेखा, दोर, कंदील असं सगळं तो काढून द्यायचा. भिवपुरीचं वीजघर सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि आता वरच्या पठारावरून दुसरी वाट काढायची चालली होती. आमचे हे मोजणीदार. अख्खा पौष वर काढायचा होता, आणि या खेपेला मी बरोबर जाणार होते. "दिवसभर मी रानात असणार," हे म्हणाले. "राहायचं तुला आहे. तूच बघ कुठली घ्यायची ती."

भिवाजीनं दोन राहुट्या काढल्या. एक नवी, पांढरीशुभ्र, हलकी. दुसरी जुनी, मातकट, जाड कापडाची, दुपदरी, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली. तिचं गाठोडं उचलायला दोघं लागले.

"वर पौषात वारा मानसाला उभं राहू देत नाय, वैनी," भिवाजी म्हणाला. "मागच्या साली नव्या राहुट्या पार दरीत गेल्या. ही जुनी हलायची नाय. पन जड हाय, आन् आत काळोख. म्हनून कोन नेत नाय हिला."

वाऱ्याचं मला पटलं. पण माझ्या मनात दुसरंच होतं आणि ते बोलायची चोरी. मी लहान असताना पोशीरला आमच्या खळ्यापाशी जमीनमोजणीचा तळ पडला होता. दिवेलागणीला आत कंदील लागला की राहुटीच्या कापडावर आतल्यांच्या सावल्या उमटायच्या. कारकुनाची बायको केस विंचरायची, लुगडं बदलायची, आणि आम्ही पोरी बांधावर बसून तोंड दाबून हसायचो. आता राहुटीत मी असणार होते आणि बाहेर सगळी गडीमाणसं.

शेवटी ह्यांच्या कानाशी लागून सांगितलं. हे हसले, पण कंदील घेऊन तयार झाले. वखारीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिवाजीनं आधी पांढरी राहुटी दोरीवर टाकली आणि हे तिच्यामागे उभे राहिले. अगो बाई! ह्यांनी पोट खाजवलं ते दिसलं, कानात करंगळी घातली तीही दिसली. मग जुनी टाकली. काही नाही. कंदील जळतोय की विझलाय तेसुद्धा कळेना. "हीच," मी म्हटलं. भिवाजी गालातल्या गालात हसला, त्याला सगळं कळलं होतं, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

एवढी काळजी कशाला, तर त्या महिन्यात मला कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. शेलूला सासूबाईंनी, म्हणजे सोनुबाईंनी, ह्यांच्यासाठी जनी नावाची मुलगी बघून ठेवली होती. पौषात लग्नं होत नाहीत म्हणून गोष्ट माघावर गेली. हे हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मीच रडून-भेकून मागे लागले की मला बरोबर न्या. बायकोनं नवऱ्याच्या मागे डोंगर चढायचा, तोही असल्या कारणासाठी, याची लाज वाटत होती. पण गेले.

२

पठारावर झाडं मोजकी, गवत वाळलेलं, आणि कड्याखाली भिवपुरी. त्याच्याही पलीकडे धुरकट दिसायचं ते माझं माहेर असं मी धरून चालले होते. दिवस कलला की घाटावरून वारा सुटायचा. तो काही झुळूक-बिळूक नव्हता. चुलीवरचं पातेलं उलथवायचा, डोक्यावरचा पदर ओढून न्यायचा, आणि थंडी अशी की पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नसत.

गड्यांच्या राहुट्या पांढऱ्या होत्या. पहिल्या आठवड्यातच त्यातली एक शिवणीत उसवली, दुसरीचा खांब मोडला. आमची जागची हलली नाही. तिचे दोर वाऱ्यानं घूं करायचे, दाराची झडप थापा मारायची, मधला खांब कुरकुरायचा. हे सगळे आवाज मी एकेक करून ओळखीचे करून घेतले, म्हणजे एकटं असताना दचकायला नको. गड्यांचा मुकादम धाकलू एकदा येऊन मेखा हलवून गेला. "वैनी, बरी पारखून घेतलीत," म्हणाला. मी अशी फुगले म्हणता! कोणीतरी माझं काहीतरी बरोबर आहे असं म्हणून किती दिवस झाले होते.

संध्याकाळी माझं ठरलेलं होतं. कंदील लावायचा, वालाची आमटी आणि भात उतरवून घ्यायचा, ह्यांचा पाट मांडायचा, त्यापुढे ताट वाढून ठेवायचं, तांब्या भरायचा आणि समोर बसून वाट बघायची. हे दमून येतात, आल्याबरोबर गरम पुढ्यात पाहिजे. पाट मी शेलूहून बरोबर आणला होता. घरी सासूबाईंची शिस्त अशी की जेवणारा येईपर्यंत पाट भिंतीला उभा करून ठेवायचा, रिकामा मांडून ठेवायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पण राहुटीला भिंत कुठली? कापडाला टेकवला की वाऱ्यानं आपटायचा. म्हणून मी तो आडवाच मांडायला लागले.

हे मात्र अलीकडे उशिरा येत होते. चांगला काळोख पडल्यावर. काम वाढलंय म्हणायचे.

३

पाणी आणि जळण आवडी आणायची. खालच्या ठाकूरवाडीतली, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. तिच्याशी बोलण्यात माझी दुपार जायची. एक दिवस हंडा उतरवता उतरवता तिनं विचारलं, "बाय, काल दादा लौकर आलं काय गं?"

"छे गं. काळोख झाल्यावर आले."

"मंग जेवत कोन व्हता?"

मला आधी कळलंच नाही. "कुठे जेवत होता?"

"राहुटीत. पाटावर. आमी पान्यावरनं जाताना दिसला नाय का."

हातातला पळा खाली पडला माझ्या. भीतीनं नव्हे हो, लाजेनं! म्हणजे बाहेरून दिसतं. म्हणजे इतके दिवस मी आत केस सोडले, चोळी बदलली, ते सगळं या माणसांनी बघितलं. वखारीत एवढं पारखून घेतलं आणि शेवटी व्हायचं तेच झालं. "आवडे," मी म्हटलं. "म्हणजे मी... मी कपडे बदलताना वगैरे..."

"नाय, बाय. तू नाय दिसत." आवडीनं मानेनंच नाही म्हटलं. "येकदा पन नाय दिसलीस. त्योच दिसतो."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, पहिलं तेच झालं. मी पळा उचलला, धुतला, चुलीला लाकूड सारलं, आणि मग मला ते बोलणं पुरतं ऐकू आलं.

"कोण तो?"

"मला काय ठावं? वाकून खातो. लई भूक लागल्यावानी." ती डोक्यावरची चुंबळ नीट करायला लागली.

"आणि बाकीच्यांना दिसतो?"

ती रिकामा हंडा घेऊन निघून गेली.

४

मी काही अडाणी नाही. चौथीपर्यंत शिकले आहे. त्याच संध्याकाळी मी आवडीला कंदील देऊन राहुटीत बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिले. काही दिसलं नाही. काळा ढीग नुसता. गड्यांच्या शेकोटीची सावली पडत असेल, झाडाची पडत असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि आवडीलाही झापलं. "डोळे फुटलेत का तुझे?" म्हटलं. "असंल," ती म्हणाली आणि गेली. तेव्हा पाट मांडलेला नव्हता हे माझ्या ध्यानात उशिरा आलं.

पुढची संध्याकाळ मी पाटावर डोळे लावून बसले. पाट रिकामा. ताटातला भात जसाच्या तसा. हसू आलं मला माझंच. मग एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर तिच्यावरून नजर हटेना. वाऱ्यानं सगळ्या बाजूंचं कापड फडफडत होतं, आत येत होतं, बाहेर जात होतं. पाटामागचं तेवढं हलत नव्हतं. कोणी पाठ टेकून बसावं, तेवढंच. ठिगळं आहेत तिथे, कापड जड झालं असेल, मी म्हटलं. हात लावून बघितला नाही.

पण खरी गोष्ट तर बाहेर चालली होती. मी शेकोटीपाशी गेले की बोलणं थांबायला लागलं. धाकलू वैनी म्हणायचा, तो नुसता "काय पायजे?" म्हणायला लागला. एकदा मी वळल्यावर मागे कोणीतरी हसलं. आणि मग लख्ख उजेड पडला डोक्यात. या माणसांना भूतबित काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता गडी. नवरा रानात आणि राहुटीत कोणी परका माणूस ताटावर बसून जेवतो. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, वर हसलेही असते. काही केलं नसताना मान खाली जाते ना, ती वर घेताच येत नाही. केलं असतं तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

त्या दिवशी मी कंदील लावलाच नाही. काळोखात बसून राहिले. हे आले. "अंधारात काय करतेस?" म्हणाले आणि स्वतःच कंदील लावला. मग त्यांनी पाटाकडे बघितलं, अंथरुणाकडे बघितलं, अंथरुणाचं टोक पायानं जरा उचललं. जेवले. हात धुताना म्हणाले, "परवा तुला पोशीरला सोडतो. माघापर्यंत बापाकडेच राहा."

मी काय सांगणार होते? माझ्यासमोर कोणी बसतं, जे मला दिसत नाही आणि इतरांना दिसतं, असं? एक तर वेडी ठरले असते नाहीतर बदफैली. दोन्हींचा शेवट जनीलाच घरात आणण्यात होता. मी भांडी आवरली.

५

दुसऱ्या दिवशी मावठ आलं. ऐन पौषात असा पाऊस मी तोवर पाहिला नव्हता. दुपारीच आभाळ खाली आलं, वाऱ्यानं आडवे सपकारे सुरू झाले, आणि दिवस असून कंदील लावायची वेळ आली. गड्यांच्या पांढऱ्या राहुट्या एकामागून एक गेल्या. एक तर मेखांसकट उडाली. उभी राहिली ती आमचीच. गडी घोंगड्या डोक्यावर घेऊन खडकाच्या आडोशाला दाटीवाटीनं बसले होते, दातावर दात वाजत होते, आवडीही खाली जाता येईना म्हणून त्यांच्यातच होती.

"आत या सगळे," मी म्हटलं. "जागा आहे."

कोणी उठलं नाही. धाकलूनं माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "दादा, आमी त्या राहुटीत नाय येनार. आदी तुमी काय त्ये बघा. आमाला बोलाया लावू नका."

सगळ्यांसमोर. भर पावसात माझं तोंड भाजल्यासारखं झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हे त्याला गप्प बस म्हणतील. हे राहुटीकडे बघत होते.

"आत जा," हे मला म्हणाले. "कंदील लाव. रोज करतेस ते सगळं कर. मी इथून बघतो."

"एकटी?"

"रोज एकटीच असतेस ना?"

मी आत गेले. कंदील लावला. पाट मांडला. ताट ठेवलं, पण त्यात वाढायला काही नव्हतं, चूल केव्हाच भिजून गेली होती. समोर बसले. कापडावर पाऊस ताडताड वाजत होता, दोर घुमत होते, बाहेर गडी आपसात बोलत होते ते मधूनमधून ऐकू येत होतं. पाट रिकामा होता. दिसू दे त्यांना, मी मनात म्हटलं. बघा किती बघायचं ते. बाई एकटी बसली आहे.

मग बाहेरचं बोलणं थांबलं.

काही दिसलं नाही म्हणून थांबलं, मी म्हटलं. पण काही दिसलं नसतं तर पुन्हा सुरू झालं असतं. कोणी खोकलं असतं. पाटामागचं कापड हलत नव्हतं. मी तिकडे बघायचं टाळून ताटाकडे बघत राहिले, आणि त्या रिकाम्या ताटाची मला लाज वाटायला लागली. हसाल तुम्ही. पण मांडलेल्या पाटापुढे कोरं ताट मी आयुष्यात ठेवलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं, "आज चूल पेटली नाही हो."

बाहेर कोणीतरी "अरं द्येवा" म्हणून ओरडलं.

"बाहेर ये," ह्यांचा आवाज आला. "कंदील असू दे तिथेच. हळूच ये."

६

बाहेर सगळे उभे होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी वळून बघितलं.

त्या मातकट, जाड, दुपदरी कापडावर, ज्यातून कंदीलसुद्धा दिसायचा नाही, एक माणूस बसलेला होता. मांडी घालून, पाटावर. खांदे पडलेले. हात ताटावर धरलेला, वाढणाऱ्यापुढे धरतात तसा. तो हात तिथेच थांबलेला होता. मग मान वर झाली. ती मी बसायचे तिकडे वळली, तिथे थोडी थांबली, आणि दाराकडे वळायला लागली. पुढचं मी बघितलं नाही. पदर डोळ्यांवर घेतला.

आणि हे हसले! खरंच हसले हो. मोकळे झाल्यासारखे. "हुश्श," म्हणाले. "बघितलंत ना रे, धाकलू? माणूस-बिणूस काही नाही. ती बाहेर आहे आणि ते आत तसंच आहे. आमची बायको तशी नाही, मला वाटलंच होतं." धाकलूनं मान खाली घातली. "वैनी, चुकलं," म्हणाला.

ह्यांनी माझा हात धरला. "चल, पाऊस जरा ओसरला की खाली उतरू. आईला मी सांगतो. माघात काही करायचं नाही. जनी नाही आणि कोणी नाही."

ज्यासाठी मी डोंगर चढले ते मिळालं होतं. मी रडायलाच लागले असते तिथे. पण आवडी मध्ये बोलली. तिला कुठे गप्प बसावं कळायचं नाही.

"दादा, तुला आज कळला व्हय? तू तर रोज त्या ऐनाच्या झाडाखाली उभा राहून बघत व्हतास. आमी पान्यावरनं येताना बघायचो तुला. त्याचं जेवान व्हईपातूर उभा असायचास."

ह्यांनी हात सोडला नाही, पण तो सैल पडला. "मग? एकदम आत कसा घुसणार?" माझ्याकडे न बघता म्हणाले. "कोण आहे, काय आहे, हातात कोयता आहे का, काही माहीत नको?"

"मी आत होते," मी म्हटलं.

"तुला काय झालं? काही झालं नाही ना?"

मला लाज वाटली. आयुष्यभर वाटली तेवढी एकदम वाटली, फक्त या खेपेला ती माझी नव्हती. याच्या ताटासाठी मी भात गरम ठेवत होते. याच्या पाटाला कोणी नाव ठेवू नये म्हणून झुरत होते. आणि हा माणूस झाडाखाली उभा राहून, आपल्या बायकोसमोर कोण बसलंय ते बघत, तो उठायची वाट पाहत होता. धाकलूच्या, आवडीच्या, सगळ्यांच्या देखत मला ह्यांची लाज वाटली, आणि ती लपवायला पदर पुरेना.

आवडीच्या कनवटीला फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी होती. मी ती मागून घेतली. तिनं काही न विचारता दिली.

"अगं, कुठे निघालीस?" हे म्हणाले.

मी राहुटीत गेले आणि दाराच्या नाड्या आतून बांधल्या. पाट रिकामाच होता. भाकरी ताटात ठेवली, तांब्या जवळ सरकवला आणि माझ्या जागेवर बसले. भीती वाटत होती. बाहेर चिखलात पावलं वाजली. हे दारापर्यंत आले. "वेडी झालीस का? बाहेर ये," म्हणाले. झडपेवर त्यांचा हात टेकला, तेवढं कापड आत आलं. नाड्या कच्च्या होत्या, बाहेरून ओढल्या असत्या तरी सुटल्या असत्या. मी वाट बघितली. खूप वेळ बघितली. हात निघाला, पावलं मागे गेली.

मग मी समोर तोंड करून म्हटलं, "सावकाश होऊ द्या."